मदत हवी आहे : मिनिकॉयला टूनाच्या होडीवर जाता येतं का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, उजनीवर चिलापी, कटला, कधी मरळ धरणारा. डिसेंबरात धाकट्या भावासोबत लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला जायचं ठरतंय.

तिथली काठी-गळाची टूना मासेमारी प्रत्यक्ष पाहायची फार इच्छा आहे. खाजणातली, म्हणजे बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यातली, बारीक मासळी जिवंत धरून होडीतच पाण्यात सांभाळतात. टूनाचा थवा दिसला की ती समुद्रात फेकतात, वरून पाण्याचे फवारे मारतात आणि उलटा काटा नसलेल्या गळाने मासा थेट होडीत ओढतात. जाळं नसल्यामुळे नको ती मासळी फारशी मरत नाही. आपल्याकडच्या गळवाल्यांनी शिकावी अशीच ही पद्धत आहे.

बेटावर जायला प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं जमवतोय. कोचीहून जहाजाने जाणार. एका प्रवासी कंपनीकडे चौकशी केली, पण त्यांच्याकडे फक्त पर्यटकांच्या बोटीचं पॅकेज आहे, आम्हाला ते नको. भावाला बोट लागते, त्यामुळे तो किनाऱ्यावरूनच गळ टाकेल. सामान गोड्या पाण्याचं आहे: ८ फुटी काठी, साधं रीळ, ०.३५ मिमी तंगूस. तिथे महल भाषा बोलतात, आम्हाला मराठी-हिंदीच येते.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: गावातल्या टूनाच्या होडीवर पाहुण्याला घेतात का, आणि त्यासाठी आधी विचारायचं कुणाला, होडीवाल्याला की प्रशासनाला? शिवाय किनाऱ्यावरून खाजणात गळ टाकायला वेगळी परवानगी लागते का?