शुक्राच्या प्रोबचं नाक बोथट का? आणि मॉडेल उलटं का पडतं?

मालवणी_खगोल: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पायोनिअर व्हीनस मोहिमेच्या (१९७८) प्रोबचं, म्हणजे ग्रहाच्या वातावरणात सोडलेल्या छोट्या यानाचं, मॉडेल करतोय. होडीची नाळ निमुळती असते, मग शुक्राच्या वातावरणात सेकंदाला ११.५ किमी वेगाने शिरणाऱ्या प्रोबचं नाक बोथट का? शिवाय ४५ अंशांचा पुठ्ठ्याचा शंकू, मागच्या झाकणाला बॅटरी, असं गच्चीवरून सोडलं की दरवेळी उलटतं.

गलबत: नाळेला पाणी कापायचं असतं, प्रोबला वेग मारायचा असतो. बोथट नाकापुढे आघात-तरंग (दाबलेल्या वायूची भिंत) अंगापासून सुटा उभा राहतो आणि बरीचशी उष्णता तापलेल्या वायूबरोबर कडेने निघून जाते. वायूच्या स्पर्शाने येणारी उष्णता नाकाच्या गोलाईच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे त्रिज्या चौपट तर उष्णता निम्मी. पण वाटेल तितकं बोथट करता येत नाही. गुरूवर ४७ किमी/सेकंदाला समोरचा वायूच भट्टीसारखा प्रारण (किरणांच्या रूपाने उष्णता) फेकतो, आणि ते मोठ्या त्रिज्येला वाढतं. गुरूवर गेलेल्या गॅलिलिओ यानाच्या ३३९ किलोंच्या प्रोबमध्ये १५२ किलो नुसतं उष्णताकवच होतं. त्यातलं सुमारे ८० किलो जळालं.

आणि ४५ हा अर्धकोन हां! टोकाशी पूर्ण कोन ९० हवा.

सड्यावरून: उलटतंय कारण वजन मागे आहे. पोकळ शंकूचा गुरुत्वमध्य मुळातच टोकापासून दोन-तृतीयांश उंचीवर, त्यात झाकण आणि बॅटरी. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या टोकात एम-सीलने बसवा, बॅटरी त्यांना टेकवा. शंकू आडवा धरून बोटावर तोला. तोल टोकाकडच्या अर्ध्यात लागला पाहिजे. सकाळी सोडा, दुपारी खारे वारे सुटले की काही कळायचं नाही. थोडं डोललं तर घाबरू नका, ध्वनीच्या वेगाजवळ आल्यावर खरे प्रोबही डोलतात.

मालवणी_खगोल: पॅराशूटला त्वरणावर चालणारा स्विच लावू?

गलबत: गच्चीवरून नको. पडताना मॉडेलला १ जीपेक्षा (जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतका भार) जास्त भार जाणवणारच नाही, तेवढा तर टेबलावर ठेवल्यावरही असतो. टायमर लावा. गॅलिलिओला २०० जीच्या वर बसले, तिथे स्विचला अर्थ होता. तरी तारा उलट जोडल्या गेल्याने पॅराशूट ५३ सेकंद उशिरा उघडलं. २००४ मध्ये जेनेसिस यानाच्या पृथ्वीवर परतणाऱ्या कुपीत तर संवेदकच उलटे बसले होते. पॅराशूट उघडलंच नाही, कुपी थेट उटाच्या वाळवंटात आदळली.

स्विच नुसता दाखवायचा असेल तर त्याला एलईडी जोडा. नाक खाली धरून मॉडेल झपकन खाली न्या आणि गपकन थांबवा. थांबताना दिवा लागला तर दिशा बरोबर. खाली नेताना लागला तर स्विच फिरवून बसवा.