मदत हवी आहे: काचेच्या शेगडीच्या एकाच बर्नरला ठिणगी पडत नाही, फक्त इग्नायटर बदलता येईल का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे वरून काच असलेली, तीन बर्नरची, सिलिंडरवर चालणारी शेगडी आहे. तिचे ऑटो इग्निशन घरातल्या विजेवर नसून दीड व्होल्टच्या एका सेलवर चालते. हल्ली पुढच्या डाव्या बर्नरचा नॉब दाबून फिरवला की टकटक आवाज येतो, पण इग्नायटरच्या टोकाला ठिणगी काही दिसत नाही. लायटरने तोच बर्नर लगेच पेटतो आणि ज्योतही निळी व सारखी येते, त्यामुळे गॅस येण्यात अडचण नाही हे नक्की.

या शेगडीत कोणताही नॉब दाबला तरी तिन्ही बर्नरना एकदम ठिणगी पडते, कारण तिन्ही नॉबांचे स्विच आतल्या एकाच डबीला जोडलेले आहेत. डावा नॉब दाबला असता उरलेल्या दोन बर्नरना ठिणगी व्यवस्थित पडते. यावरून सेल, त्या नॉबचा स्विच आणि ठिणगी तयार करणारी डबी ठीक असावी, आणि दोष डबीपासून डाव्या बर्नरपर्यंत येणाऱ्या तारेत किंवा बर्नरशेजारच्या पांढऱ्या चिनी मातीच्या दांड्यात असावा, असा माझा तर्क आहे. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय या शेगडीला नाही, त्यामुळे बर्नरजवळ हा एकच दांडा आहे आणि दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होण्याचा प्रश्न येत नाही.

डाळ उतू जाण्याचे प्रकार याच बर्नरवर सर्वांत जास्त होतात, म्हणून आधी दांड्याचे टोक कोरड्या टूथब्रशने घासून स्वच्छ केले, बर्नरचा वरचा भाग धुऊन पूर्ण वाळवला आणि ओल राहिली असल्यास जावी म्हणून हेअर ड्रायरने थोडी गरम हवाही दिली. फरक पडला नाही. मग रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, स्वयंपाकघरातील दिवे मालवून नॉब दाबून पाहिला. ठिणगी पडते आहे, मात्र ती टोकाला न पडता काचेच्या खाली, जिथे पांढरा दांडा पत्र्याच्या ट्रेमधून वर येतो तिथे, दांड्यातून थेट पत्र्यावर उडते आहे. टॉर्चच्या उजेडात दांड्यावर केसासारखी बारीक चीर दिसते, आणि चिरेच्या कडेने तपकिरी डाग पडलेला आहे.

सेवा केंद्रातून आलेल्या गृहस्थांनी मात्र चीर न पाहताच डबी, तारा आणि तिन्ही इग्नायटर असा पूर्ण संच बदलावा लागेल, सुटा इग्नायटर मिळत नाही, असे सांगितले. दोन बर्नर उत्तम चालत असताना हा खर्च मला पटत नाही. म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली म्हणजे, शेगडी दुरुस्तीच्या साध्या दुकानात असा एक इग्नायटर सुटा मिळतो का, आणि घेताना कोणती मापे जुळवून पाहावीत? दुसरी, काच उचलण्यासाठी बर्नरच्या बैठकीचे स्क्रू काढावे लागणार असे दिसते. तसे करताना गॅसचा एखादा जोड सैल होतो का? मला खरी धास्ती याच गोष्टीची आहे, विजेच्या धक्क्याची तितकीशी नाही. तिसरी, शेजारच्या काकांनी चिरेत एम-सील भरण्याचा उपाय सुचवला आहे, तो टिकेल का?

प्रतिसाद १

ताई, आपला तर्क बरोबर आहे आणि अंधारात केलेली तपासणी तर फारच उपयोगाची ठरली. डबीतून येणारा दाब काही हजार व्होल्टचा असतो, त्यामुळे ठिणगी बर्नरपर्यंतचे अंतर ओलांडण्याऐवजी सोपी वाट मिळेल तिथून पत्र्यात उतरते. चीर हीच ती वाट. एम-सील भरू नका. बर्नरच्या इतक्या जवळच्या उष्णतेत ते टिकणार नाही. नवा इग्नायटर बसेपर्यंत सेल काढून ठेवा आणि लायटर वापरा, कारण ट्रेच्या खाली, गॅसच्या नळ्यांजवळ ठिणगी उडत राहणे बरे नाही.

सुटा इग्नायटर मिळतो, फक्त जुना काढून सोबत न्यावा. चिनी मातीच्या भागाची लांबी, क्लिप अडकते ती खाच आणि तारेच्या टोकाची पिन या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. काही इग्नायटरना तार कायमची जोडलेली असते, अशा वेळी तिची लांबीही पाहावी. तार कमी पडली म्हणून घरातली साधी वायर मध्ये जोडू नये, तिचे आवरण एवढ्या दाबासाठी केलेले नसते.

आता आपल्या धास्तीबद्दल. रेग्युलेटर नुसता बंद न ठेवता सिलिंडरवरून काढून घ्या, सेलही काढा, आणि मगच कामाला हात घाला. बर्नरच्या बैठकीचे स्क्रू काढल्याने नळी, कॉक (नॉबमागची झडप) किंवा जेट (गॅस सोडणारे बारीक छिद्राचे टोक) यांचा जोड सुटत नाही. लक्ष ठेवण्याची जागा वेगळी आहे: जेटमधून निघालेला गॅस समोरच्या मिक्सिंग ट्यूबच्या, म्हणजे बर्नरकडे गॅस व हवा नेणाऱ्या नळीच्या, उघड्या तोंडात शिरतो, तिथे आवळलेला जोड नसतोच. स्क्रू काढल्यावर ही ट्यूब हलते, आणि परत बसवताना तिचे तोंड जेटच्या नेमके समोर आले नाही तर गॅस बर्नरमध्ये न जाता ट्रेखाली पसरतो. म्हणून काच उचलण्यापूर्वी मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. काच दोघांनी धरून उचलावी आणि ती कडेवर उभी टेकवू नये. टफन्ड काच मधल्या भागात दणकट असली तरी कडेला बसलेल्या लहानशा ठोक्यानेही तिचा चुरा होऊ शकतो.

नव्या इग्नायटरचे टोक आणि बर्नरचा धातू यांत साधारण ३ ते ५ मिमी अंतर राहू द्या. आधी फक्त सेल घालून, गॅस न जोडता, ठिणगी टोकालाच पडते याची खात्री करा. त्यानंतर रेग्युलेटर जोडून नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी ओढून तपासण्याचा प्रकार अजूनही काही घरांत चालतो, तो कृपा करून टाळा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तेव्हा काम चालू असताना दारे उघडी ठेवावीत. वास आलाच तर विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

प्रतिसाद २

वरील सगळे मान्य, पण एक भर घालतो. काच उघडणारच आहात तर उरलेल्या दोन तारांचे आवरणही वाकवून पाहा. ते कडक होऊन तडकलेले आढळले तर संच बदलणेच शहाणपणाचे, नाहीतर थोड्याच दिवसांत पुन्हा काच उचलण्याची वेळ येईल. आणखी एक सोपी खात्री: तारा डबीतून ओढून निघणाऱ्या असतील तर सेल काढलेला असताना डाव्या बर्नरची तार शेजारच्या जागी खोचा, मग सेल घालून नॉब दाबा. तरीही डावा बर्नरच गप्प राहिला तर डबी निर्दोष समजावी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. यजमानांना सोबत घेऊन आज दुपारी काच उचलली. तारांचे आवरण मऊ आणि अखंड आहे, आणि तारांची अदलाबदल केल्यावरही डावा बर्नरच गप्प राहिला, त्यामुळे संच घेण्याचा विचार आता सोडला आहे. अडचण एकच उरली आहे: दांडा धरून ठेवणारी स्टीलची छोटी क्लिप गंजून खाचेत घट्ट बसली आहे, आणि पक्कडीने ओढली तर ज्या पट्टीवर दांडा बसवला आहे ती वाकते. पट्टी वाकली की टोकाचे बर्नरपासूनचे अंतरही बदलणार. क्लिप कापून काढली तर दुकानात ती वेगळी मिळते का, की इग्नायटरसोबतच येते? कुणी अलीकडे घेतली असल्यास कृपया कळवावे.