अनुभव धागा : चीकावा आणि आपण

चीकावा ही जपानी कार्टून मालिका बघणारी मराठी माणसं वाटली त्यापेक्षा पुष्कळ निघाली, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नागानो या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकाराने २०२० मध्ये ट्विटरवर ही चित्रकथा सुरू केली. एप्रिल २०२२ पासून तिची अ‍ॅनिमेशन मालिका फुजी टीव्हीच्या सकाळच्या 'मेझामाशी टीव्ही' या कार्यक्रमात लागते. एक भाग जेमतेम एक-दोन मिनिटांचा. पांढराशुभ्र, गोलमटोल आणि चटकन रडू येणारा चीकावा. कपाळावर मधोमध भांग पाडल्यासारखी निळी खूण असलेला बोलका हाचिवारे. आणि कुणाचं काही न ऐकता ओरडत पळणारा ससा उसागी.

'किती गोड!' म्हणून माणूस बघायला बसतो. मला मात्र त्यातलं दुसरंच धरून ठेवतं. या इवल्याशा जिवांना पोटासाठी राबावं लागतं. चिलखत घातलेल्या मोठ्या माणसांपुढे रांग लावायची, मिळेल ते काम घ्यायचं, गवत उपटायचं, फळांवर स्टिकर चिकटवायचे, नाहीतर अक्राळविक्राळ प्राण्यांशी लढायला जायचं. मग हातात पैशांचं पाकीट आलं की मित्रांबरोबर काहीतरी चांगलंचुंगलं खायचं. तुम्हाला यातलं काय लागलं? लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

पुण्याहून

मी सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करते. त्यामुळे माझा भाग कुठला हे सांगायलाच नको: गवत उपटण्याच्या परीक्षेचा. हसू नका, त्या जगात ही खरीखुरी परीक्षा आहे. पुस्तक आहे, अभ्यास आहे, श्रेणी आहेत, पास झालं की मजुरी वाढते. चीकावा आणि हाचिवारे दोघं पाचव्या श्रेणीला बसतात. हाचिवारे पास होतो, चीकावा नापास.

आमच्या खोलीत हे घडलंय. निकाल लागला त्या संध्याकाळी माझी रूममेट खाली जाऊन आली. बॅगेतून पेढ्यांच्या पुड्याची दोरी बाहेर लोंबत होती, पण तिने पुडा काही काढला नाही. टेबल आवरलं, पाण्याची बाटली भरली, चार्जर शोधला. शेवटी मीच म्हटलं, "अगं, दे की पेढा." तेव्हा ती रडायला लागली. मी नाही, ती.

नापास झालेल्यावर बोलायला सगळे तयार असतात. पास झालेल्याला आपला आनंद कुठे ठेवावा हेच कळत नाही, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. या मालिकेने बघितलं. शिवाय 'प्रयत्न करत राहा' वगैरे कुणी येऊन सांगत नाही. उलट, दिवसभर बोंबलत फिरणाऱ्या उसागीकडे तिसऱ्या, म्हणजे पाचवीहून वरच्या, श्रेणीचं प्रमाणपत्र असल्याचं कळतं! असा एक जण प्रत्येक अभ्यासिकेत असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातून

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी आई जन्मभर लोकांच्या रानात खुरपायला गेली. गेल्या दिवाळीत भाचीच्या मोबाईलवर तिने हे बघितलं. पहिल्यांदा म्हणाली, "ही बारकी पोरं बी भांगलायला जात्यात व्हय?" मग बारकाईने बघायला लागली. चीकावा दोन्ही हातांनी गवत ओढतो ते बघून म्हणाली, "मुळासकट निघालं पायजे, न्हाईतर आठ दिसांत परत हाय तसं." चिलखतवाल्याने पाकीट हातात दिल्यावर तिचं मत झालं, "मुकादम बरा हाय त्यांचा. रोजच्या रोज देतोय."

तिच्या कामाची परीक्षा असू शकते, त्यात पहिला-दुसरा नंबर असू शकतो, हे तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. गवत ओळखणं ही विद्या आहे. हरळी, लव्हाळा, दुधी, माठ, कशाला कुठे धरायचं आणि कशाला खुरप्याचं टोक घालायचं, हे तिला अंधारातही कळतं. मी तिला सांगितलं, "तू असतीस तर पहिल्या श्रेणीत आली असतीस." त्यावर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी भाचीला म्हणाली, "लाव की ते गवताचं."

टोकियो, निशी-कासाई

आमच्याकडे टीव्हीच्या कोपऱ्यात वेळ दिसत असते आणि चीकावा लागला की निघायची वेळ झाली, असं साधं गणित. पण मला सांगायचंय ते वेगळं.

आम्ही नाशिकहून इथे आलो तेव्हा मुलाला जपानीचा गंधही नव्हता, आणि त्याला थेट जपानी शाळेत घातलं. चीकावा जवळजवळ बोलतच नाही. 'वा', 'या', 'उं', एवढंच. बाकीचं अंग कापणं, मान हलवणं आणि डोळे. तरी हाचिवारे त्याचं सगळं समजून घेतो आणि मोठ्याने बोलूनही दाखवतो. मुलाच्या वर्गात एक मुलगी होती. शाळेतल्या जेवणाच्या वेळी ती याच्याकडे बघून बाईंना सांगायची, याला दूध नकोय, याला खिडकीजवळ बसायचंय. बहुतेक वेळा बरोबर असायचं. घरी येऊन मुलगा म्हणाला, "आई, ती माझी हाचिवारे आहे."

हाचिवारेला आवाज एका लहान मुलाचाच आहे, ते ऐकताना जाणवतं. आणि त्याची परिस्थिती बघा: चीकावाला बक्षिसाच्या सोडतीत अख्खं घर लागलंय, हाचिवारे गुहेत राहतो. तो मित्राच्या घरी येतो, कौतुक करतो, आपल्या गुहेतही तेवढ्याच हौसेने बोलावतो. माझी आई इथे आली होती तेव्हा टोकियो स्टेशनमधल्या चीकावाच्या दुकानात गेलो. तिने विचारलं, यातला गरीब कोण? आणि त्याचीच बाहुली घेतली.

ओसाका

मी विद्यार्थी. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, ते एका खानावळीत करतो. त्यामुळे माझी लाडकी शीसा. ओकिनावात घरांच्या छपरांवर राखणदार सिंह बसवतात, त्यावरून ती घेतलीय. ती रामेनच्या (जपानी नूडल्स-सूपच्या) दुकानात चिलखतवाल्या मालकाच्या हाताखाली शिकते आणि त्यांना गुरू मानते. बोलण्यात गावाकडचा हेल, आणि भांडी घासतानाही मन लावून. दुकान बंद झाल्यावर आमचे मालक एक वाटी सूप माझ्यापुढे सरकवतात आणि स्वतः काही न बोलता फरशी पुसायला लागतात. शीसाचे भाग मी त्यांना दाखवले. त्यांनी दोनदा बघितले.

नागपूरहून

सगळे गोड गोड लिहून राहिले म्हणून सांगते: अगदी लहान पोरांना एकट्याने बघायला देऊ नका. त्यात भीती खरी आहे. एखादा छोटासा जीव बघता बघता राक्षस होऊन जातो आणि परत पहिल्यासारखा होईल की नाही ते सांगत नाहीत. माझी मुलगी रात्री विचारत होती, "त्याला आपली आई ओळखू येत असेल का?" मला उत्तर आलं नाही. मालिका मला आवडते, या कारणासाठी तर जास्तच. पण शेजारी बसून बघा.

ठाण्याहून

आमच्या घरी वडिलांना फक्त कुरिमांजू आवडतो. एकटाच बसून काहीतरी चटकदार खाणारा, घोट घेणारा आणि मग पोटातून 'हाऽऽ' करणारा. आई गेल्यापासून बाबा एकटेच चहा घेतात. कुणी सोबत असावं असंही म्हणत नाहीत. कुरिमांजूला बघून म्हणाले, "याचं बरोबर आहे. नीट बसून खातो." आता रविवारी मी कांदाभजी तळते, दोघांपुरती, आणि आम्ही त्याचे भाग बघतो. त्याचे आणखी कुठले भाग आहेत ते कुणी सांगेल का? आमचे बघून संपत आलेत.