अ‍ॅम्पशिवाय थेट मिक्सरला गिटार: साउंड इंजिनिअरला आधी काय सांगावे?

प्रश्न: मी अ‍ॅम्प न नेता मॉडेलरमधून (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे उपकरण) थेट मिक्सरला सिग्नल देतो. मागच्या कार्यक्रमात साउंड इंजिनिअरने माइक कशासमोर लावायचा असे विचारले आणि मॉनिटरमध्ये (मंचावर वादकांना ऐकू येण्यासाठी ठेवलेला स्पीकर) मला माझीच गिटार ऐकू आली नाही. हे कसे टाळावे?

उत्तर १: एक्सएलआर केबलने बॅलन्स्ड (लांब केबलमध्येही बाहेरचा गोंगाट कमी पकडणारा) सिग्नल देणार आहात आणि मॉनिटरमध्ये गिटार हवी आहे, हे त्यांना आधीच लेखी कळवा. कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल, मात्र चालू ठेवा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो, आणि ती गाळणी नसेल तर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) असह्य कर्कश होते.

उत्तर २: मी मिक्सिंग करतो. थेट सिग्नलमुळे गिटार गायकाच्या माइकमध्ये शिरत नाही, म्हणून मला तो मनापासून आवडतो. त्रास होतो तो प्रत्येक प्रीसेटची (मॉडेलरमध्ये साठवलेल्या सेटिंगची) पातळी वेगळी असल्यावर, कारण मी गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) लावून ठेवतो आणि पुढच्याच गाण्यात चॅनेलचा आवाज फाटतो. प्रीसेट घरी हेडफोनवर नव्हे, तर मोठ्या आवाजात स्पीकरवर जुळवा.

उत्तर ३: गुणगुण ऐकू आली तर ग्राउंड लिफ्ट (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) वापरून पाहा. ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सर केबलमधून माइकला देतो तो वीजपुरवठा) त्या चॅनेलवर बंद ठेवण्याची विनंतीही करा.