सरकारी वाटा साठीनंतरच का?

वाटसरू:
प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना २०१९ पासून आहे. महिना १५,००० पर्यंत कमाई असलेल्या, १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगाराने वयाप्रमाणे दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे. तेवढेच सरकार भरतं आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. माझं स्पष्ट मत आहे की हातावर पोट असणाऱ्याला सरकारचा वाटा चार-पाच वर्षांत हाती पडला पाहिजे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी तेव्हा ३६ वर्षांच्या, म्हणजे हप्ता १६०. तेरा हप्ते नेमाने भरले. मग लॉकडाऊन लागलं, चारही घरची कामं सुटली. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलं तर फक्त स्वतःचे पैसे आणि त्यावर बचत खात्याच्या दराने व्याज मिळतं. मावशींचे २,०८० आणि वर थोडं व्याज. सरकारचे २,०८० तिकडेच राहिले. अडचण आली म्हणून जो बाहेर पडतो, त्याचाच वाटा कापायचा?

ब्रिटनमध्ये कमी कमाईवाल्यांसाठी 'हेल्प टू सेव्ह' ही चार वर्षांची बचत योजना आहे. महिना ५० पौंडांपर्यंत भरायचे, गरज पडली की काढायचे. पहिल्या दोन वर्षांत खात्यात जी सर्वांत मोठी शिल्लक झाली असेल, तिच्या निम्मा बोनस मिळतो, मधे पैसे काढले असले तरीही.

शेवंती:
अजिबात पटलं नाही. काढता येणारे पैसे काढलेच जातात. माझ्या आईने वीस वर्षं भिशी लावली. एक भिशी माझ्या फीला गेली, एक भावाच्या लग्नाला, एक पत्रे बदलायला. आज ती ६४ची आहे आणि गाठीशी काही नाही. तेव्हा कुणी महिना शंभर रुपये कुलपात ठेवायला लावले असते तर बरं झालं असतं. आणि श्रमयोगी योजनेत पेन्शन सुरू झाल्यावर पेन्शन घेणारा गेला, तर मागे राहिलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला महिना १,५०० मिळत राहतात. भिशीत ते कुठून येणार?

खातेवही:
कुलपात काय ठेवताय तेही बघा. ३,००० हा आकडा २०१९चा, महागाईशी जोडलेला नाही. अठराव्या वर्षी नाव घातलेल्या पोराला तो ४२ वर्षांनी मिळणार. तेव्हा त्यात महिन्याचा किराणा तरी येईल का?

आणि ज्यांच्याकडे भरायलाच काही नाही त्यांचं काय? इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा २०० रुपये आहे, कित्येक वर्षं तेवढाच. मला तर आधी तो वाढायला हवा. गरिबाने आधी बचत करून दाखवावी आणि मग सरकारने हात द्यावा, ही अटच मला मान्य नाही.

वाटसरू:
खातेवही, २०० रुपयांबद्दल पूर्ण सहमत. पण त्यासाठी बचतीची योजना बंद करायची गरज नाही, दोन्ही हवं.

शेवंती, भिशीतून तुमची फी भरली गेली, ते पैसे वाया गेले असं म्हणाल का? आईंनी ते कुलपात ठेवले असते तर फीसाठी व्याजाने काढावे लागले असते.

शेवंती:
वाया गेले असं मी म्हणणार नाही, आई तर मुळीच नाही. पण तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या की ती मला सांगत नाही. रिकामं पाकीट ओट्यावर, मला दिसेल असं ठेवते. माझ्याकडे मागायला तिला जड जातं. पेन्शन तिच्या स्वतःच्या खात्यात आली असती. तुमच्या मावशींना साठीनंतर काय, याचं उत्तर तुमच्या चार वर्षांच्या योजनेत नाही.

वाटसरू:
हे खरं आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मग निदान एवढं तरी करावं: हप्ते चुकले तर चुकू देत, पण सरकारने तोवर घातलेले पैसे त्या माणसाच्या नावावरच राहू देत, साठीपर्यंत. सरकारने घातलेले ते २,०८० आज मावशींच्या नावावर असते.

शेवंती:
याला मात्र माझा पाठिंबा.