आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

नवशिक्याने वन्यजीव छायाचित्रणासाठी कोणती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी, असा या चर्चेतला मूळ प्रश्न आहे आणि उत्तरंही बॉडीभोवतीच फिरताहेत. माझं मत उलटं आहे. बहुतांश पैसे लेन्सवर घाला. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये येणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सने (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) हरणांचा कळप टिपता येईल, पण फांदीवरचा खंड्या ठिपक्याएवढाच दिसेल. मोठ्या प्राण्यांना ७०-३०० चालते. पक्ष्यांसाठी मात्र ४०० मिमीच्या खाली समाधान होत नाही.

बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरची घ्या. त्यात लेन्सचा आकडा जणू निकॉन-सोनीत १.५ पट, कॅननमध्ये १.६ पट होतो, म्हणजे ३०० मिमीला फुल फ्रेमवरच्या ४५०-४८० मिमीइतकी चौकट मिळते. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० छानच, पण वजन दोन किलोंच्या आसपास. घेण्याआधी दहा मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा, हे फार महत्त्वाचं!

वर कुणीतरी ३००च्या झूमला २एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवायचा, लेन्सचा आकडा दुप्पट करणारा जोड) सुचवलाय. कृपया नको. दोन स्टॉप प्रकाश जातो (म्हणजे एक चतुर्थांशच उरतो), लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/५.६चं एफ/११ होतं आणि बहुतेक डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस तिथे नीट चालत नाही. त्यात प्राणी दिसतात पहाटे नि संध्याकाळी, म्हणजे प्रकाश मुळातच कमी.

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेणार असाल तर प्राणी-पक्ष्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस आहे का ते बघा. नाहीतर चांगल्या स्थितीतला वापरलेला डीएसएलआरही उत्तम. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो.

पक्षी जास्त काढायचेत की सस्तन प्राणी, हे सांगितलंत तर लेन्स नेमकी सुचवता येईल.