जुन्या भाडेकरूंनाच ठेवा, पण करार नोंदवून

कोथरूडचा वन बीएचके पुन्हा त्याच कुटुंबाला द्यावा की ३,००० रुपये जास्त देणाऱ्या नव्या माणसाला, असं तुम्ही विचारलंय. मी जुन्यांनाच ठेवीन. ११ महिन्यांत ३३,००० जास्त मिळणार. पण घर महिनाभर रिकामं राहिलं, रंग काढला, एजंटाला एका महिन्याचं भाडं दिलं, की त्यातलं हातात काय उरतं?

मात्र ‘माणसं ओळखीची आहेत, नोटरी पुरे’ असं कृपा करून करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. उलटं सिद्ध करत आपण बसायचं. मी एकदा आळस केला आणि डिपॉझिट किती घेतलं होतं यावरून सहा महिने वाद चालला. फार मनस्ताप झाला. आता नोंदणी ऑनलाइन घरबसल्या होते.

आणि हो, सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर लेखी हरकत घ्या.